दुकानात बसून दुकानालाच विचारलेला प्रश्न

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, म्हणजे मला पुढचं नीट सांगता येईल. मी जो पराक्रम केला, तो आठवून आमच्या घरात अजूनही कोणाला ना कोणाला जेवताना ठसका लागतो. आणि पाणी आणून द्यावं लागतं मलाच!

मुळात माझा स्वभावच नडला. मी कमी बोलते. किती कमी? ऑटोवाल्या काकांना 'थांबवा' म्हणायचा धीर होत नाही, म्हणून मी पुढच्या चौकात उतरते आणि मागे चालत येते. वर्गात हजेरीला मी 'उपस्थित' म्हणते ते फक्त माझ्या पुढच्या बाकावरच्या मुलीला ऐकू जातं. मग तीच माझ्या वतीने ओरडते. लिहायला सांगा, पानंच्या पानं लिहीन. बोलायला सांगितलं की मात्र घशाला कोणीतरी कुलूप घालतं.

तर अशा मला टॅबलेट घ्यायचा होता.

मी दहावीत. क्लासचे निम्मे धडे ऑनलाइन, शिवाय मला चित्रं काढायला आवडतात. घरात बरीच चर्चा झाली आणि आईने एका अटीवर होकार दिला.

"बारावीलोक हाच चालवायचा. मधात दुसरा मागशील तर पाटी-पेन्सिल आणून देईन, सांगून ठेवते."

आता टॅबलेट बारावीपर्यंत टिकवायचा म्हणजे तो नुसता फुटू न देऊन भागत नाही. हे मला उमरेडच्या तृप्तीताईमुळे कळलं. ती माझी मावसबहीण. तिचा टॅबलेट दिसायला अजून नवा कोरा आहे. काचेवर एक ओरखडा नाही. पण कंपनीने त्याला अपडेट देणं बंद केलं आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर तिच्या क्लासचं ॲप म्हणालं, 'तुमचं उपकरण जुनं झालं आहे, मी यावर चालणार नाही.' झालं! आता मावशी पोळ्या लाटता लाटता त्यावर भजनं ऐकते.

म्हणून मी ठरवून टाकलं होतं. टॅबलेट घेण्याआधी एक गोष्ट विचारायची. याला अपडेट कधीपर्यंत येणार? बस. रंग कोणताही असू दे, पेटी कशीही असू दे. प्रश्न एका ओळीचा होता. अडचण एवढीच, की तो तोंडाने विचारायचा होता.

मी बाबांना गळ घातली. बाबा इथे नागपुरातच, मिहानच्या कारखान्यांच्या भागात एका कंपनीत आहेत. कंपनी विमानांचे भाग बनवते आणि बाबा हजेरीचं बघतात. पण बाहेर ते 'आमचं विमानांचं काम' असंच सांगतात. मला वाटलं, विमानवाल्या माणसाला एक प्रश्न विचारणं काय कठीण!

"बाबा, दुकानात तुम्ही विचाराल ना, अपडेट किती वर्षं येतील ते?"

"काहून?" बाबा एकदम गंभीर झाले. "प्रमोदले असं विचारायचं? अवं, घरचा माणूस हाये तो. हे सगळं दुकानदाराले विचारतात. प्रमोदले नाही. त्याले वाटंल, याचा आपल्यावर भरोसाच नाही."

प्रमोदकाका म्हणजे बाबांचे उमरेडच्या शाळेतले मित्र. सक्करदऱ्याला त्यांचं मोबाइलचं दुकान आहे. टॅबलेट त्यांच्याकडूनच घ्यायचा आणि ते म्हणतील तोच घ्यायचा, हे माझ्या जन्माआधीच ठरलेलं असावं.

आमच्याकडे हे असंच असतं हो. अनोळखी भाजीवाल्याकडे आई एकेक भेंडी मोडून बघते. ओळखीच्याने किडकं वांगं दिलं तरी हसत पिशवीत टाकते आणि वर म्हणते, 'मस्त आहेत!' माणूस जितका आपला, तितकं त्याला कमी विचारायचं.

रविवारी आम्ही तिघं दुकानात गेलो. काकांनी आम्हाला पाहिलं आणि टॅबलेटचं नाव निघण्याआधी झणझणीत रस्सा ओतलेले तर्री-पोहे मागवले.

"या वहिनी, बसा! काय वं पोरी, केवढी झाली! कोणत्या वर्गात?"

मी 'दहावीत' म्हणाले. काकांनी बाबांकडे बघून विचारलं, "काय म्हणते?"

"दहावीत," बाबा म्हणाले.

काकांचं वेगळंच. त्यांचा आवाज रस्त्यापलीकडच्या रसवंतीवर ऐकू जातो. आणि त्यांना सगळं मोठ्याने वाचायची सवय आहे. बिल मोठ्याने, दुकानासमोरून गेलेल्या टेम्पोवरची पाटी मोठ्याने, फोनवर आलेला प्रत्येक मेसेज तर फारच मोठ्याने. ही सवय मी त्या दिवशी पाहिली. पण त्यावरून जो धडा घ्यायचा तो घेतला नाही.

काकांनी एक जांभळी पेटी काढून बाबांच्या मांडीवर ठेवली.

"घे. डोळे मिटून घे. तुह्या पोरीसाठी बाजूले काढून ठेवला होता."

बाबांनी पेटी न उघडताच मान डोलावली. "एक नंबर बे!"

मी पेटीवरचं नाव वाचलं आणि पटकन नेटवर शोधलं. एक जण म्हणत होता, याला अपडेट येतात. दुसरा म्हणत होता, बंद झाले. तिसऱ्याने आपला चार्जर हरवल्याची तक्रार लिहिली होती. आता काय करू? काका समोर दोन हातांवर. प्रश्न जिभेवर. आणि कुलूप घशाला!

तेवढ्यात मला भिंतीवरची पाटी दिसली. 'चौकशीसाठी व्हॉट्सॲप करा.' खाली दुकानाचा नंबर.

अहा! मला वाटलं, हे माझ्यासारख्यांसाठीच लावलं आहे. मी फोन आवाजबंद केला, ओढणीखाली धरला आणि लिहिलं :

'नमस्कार. कृपया एक माहिती हवी होती. आपल्या दुकानातील या टॅबलेटला सॉफ्टवेअर अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळतील? तसे कंपनीने कुठे जाहीर केले आहे काय? तसदीबद्दल क्षमस्व.'

खाली टॅबलेटचं पूर्ण नाव लिहिलं आणि पाठवून दिलं.

काउंटरवरचा फोन टिंग वाजला. काकांनी पोह्यांचा घास तोंडात असतानाच तो उचलला आणि अख्ख्या दुकानाला माझा मेसेज वाचून दाखवला. प्रश्नचिन्हांसकट.

"क्षमस्व!" काका म्हणाले. "नागपुरात क्षमस्व कोण म्हणते बे?"

"टाइमपासवाला असंल, सोड!" बाबा म्हणाले.

माझे कान इतके तापले की वरून तर्री ओतली असती तर उकळली असती.

काकांना टायपिंगचा कंटाळा. त्यांनी फोन ओठांजवळ धरला आणि विहिरीत हाक मारावी तसे गरजले, "हाव भाऊ, अपडेट येतात ना! लाइफटाइम येतात! बिनधास्त घेऊन जा!"

ती व्हॉइस नोट उडत उडत माझ्या ओढणीखाली आली. पाठवण्याआधीच व्हॉइस नोट ऐकून झालेली मी पहिलीच मुलगी असेन.

आता मी गप्प बसायला हवं होतं की नाही? पण लिहिताना मला कुलूप नसतं ना! मी लिहिलं, 'आभारी आहे. परंतु लाइफटाइम म्हणजे नक्की कोणाच्या? टॅबलेटच्या की वापरणाऱ्याच्या? कृपया खुलासा करावा.'

टिंग.

काकांनी वाचलं. या वेळी जरा हळू आवाजात. घास तसाच राहिला.

"हा गिऱ्हाईक नाही," ते म्हणाले.

"मंग कोण?"

"खुलासा करावा, म्हणते. असं गिऱ्हाईक बोलते का? हा कंपनीचा माणूस हाये. डिस्ट्रिब्युटर मले म्हणतच होता, कंपनी आजकाल गिऱ्हाईक बनून चाचपून राहिली. चुकीचं सांगितलं तर दुकानावरचा कंपनीचा बोर्ड काढून नेतात." काकांनी मेसेजमधला डीपी मोठा केला. "अन् हे पाय, फोटोच्या जागी घुबड! नाव नाही, गाव नाही. घुबड लावून बसला हा!"

ते घुबड मी काढलं होतं. पिसं रंगवायला मला आठवडा लागला होता. स्वतःचा फोटो लावायची लाज वाटते, म्हणून मी ते लावलं होतं.

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून घुबडाकडे निरखून पाहिलं.

"थांब बे," बाबा म्हणाले. "हे घुबड मी पाहिलं हाये. रोज पाहतो. कुठी पाहतो?"

'घरी!' असं मनात म्हणून मी डोळे मिटले.

"हाव!" बाबांनी मांडीवर थाप मारली. "आमच्या मिहानमध्ये! मोठ्या कंपनीचंच निशाण हाये हे. शंभर टक्के!"

बघा आता. ज्या माणसाच्या फोनमध्ये ते घुबड रोज सकाळी 'बाबा, डबा विसरलात' असं कळवतं, त्यानेच ते कंपनीला देऊन टाकलं!

मग काय विचारता! काका उठले. दुकानातले सगळे दिवे लावले. पोह्यांच्या प्लेटा काउंटरखाली गेल्या. शर्टाचं वरचं बटण लागलं.

"तुमी आनंदी गिऱ्हाईक दिसा," त्यांनी आम्हा तिघांना बजावलं. "बाहेरून कोणी पाहत असंल तर."

बाबा लगेच आनंदी दिसू लागले. जांभळी पेटी छातीशी धरून ते रस्त्याकडे बघून हसत राहिले. एक बाई दुकानात शिरता शिरता त्यांना पाहून परत गेली.

या सगळ्यात आई शांतपणे पोहे खात होती. काउंटरखाली गेलेली तिची प्लेट तिने परत वर घेतली होती. ती हळूच माझ्या कानाशी वाकली.

"घुबडाले म्हणाव, कव्हर फुकट भेटते का तेही विचार."

मी उडालेच! आईला कळलं होतं! ती माझ्या शेजारी बसली होती, तिला ओढणीखालचा उजेड दिसत होता. मी डोळ्यांनीच तिला म्हटलं, आई, वाचव. तिने डोळ्यांनीच उत्तर दिलं, आधी कव्हर.

मी लिहिलं, 'तसेच कव्हर मोफत मिळते काय?'

"हो साहेब!" काका आता फोन ओठांपासून अदबीने दूर धरून बोलत होते. "कव्हर फ्री, काच फ्री, लावून पण देतो साहेब!"

"काहून बे?" बाबांचं आनंदी गिऱ्हाईकपण क्षणात उतरलं. "मले तर कव्हरचे वेगळे सांगितले!"

"चूप ना! रेकॉर्ड होऊन राहिलं!"

तेही रेकॉर्ड झालं. दोघांचंही. माझ्याकडे आहे.

मग काकांनी कॉम्प्युटर चालू केला आणि दुकानदारांसाठी असलेलं कंपनीचं पान उघडलं. सवयीप्रमाणे मोठ्याने वाचायला लागले आणि मधेच थांबले. त्यांचा आवाज थांबलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

"बाप्पा," ते म्हणाले. "याचे अपडेट तर पुढच्या सालीच संपतात."

त्यांनी घाम पुसला, फोन उचलला आणि प्रामाणिकपणे बोलून टाकलं, "साहेब, मी पाहिलं. तो जुना माल हाये. याचे अपडेट पुढच्या वर्षी बंद होतात. हा टॅबलेट मी कोणालेच देत नाही साहेब! कोणालेच नाही!"

बाबांनी छातीवरच्या जांभळ्या पेटीकडे पाहिलं. मग काकांकडे.

"प्रमोद. मले देऊन राहिला होता ना बे?"

"तू घरचा माणूस हाये गा!" काका कळवळून म्हणाले. "तुही गोष्ट वेगळी!"

आईला ठसका लागला.

"खरंच माहीत नव्हतं बे मले आतालोक," काका पुढे म्हणाले. "कोणी विचारतच नाही. लोक रंग विचारतात, फोटो कसा येते विचारतात. अपडेटचं कोण विचारते?"

मला उत्तर मिळालं होतं. खरं म्हणजे मी इथेच थांबायचं. बाबांना कोपऱ्यात नेऊन 'दुसरा बघू' म्हणायचं. पण मला घाबरण्याची घाई असते ना! मी म्हटलं, आता पुरावाच नको. आणि एकेक करून माझे सगळे मेसेज पुसले. सगळ्यांसाठी.

"अरे देवा!" काका किंचाळले. "मिटवून राहिला! सगळं मिटवून राहिला हा! म्हणजे रिपोर्ट गेला वर! गेला माझा बोर्ड!"

त्यांचा चेहरा इतका उतरला की मला खरंच वाईट वाटलं. मी उठले. तोंड उघडलं. "काका, ते..." एवढं म्हणालेही.

"थांब पोरी, आत्ता नको, मोठं टेन्शन हाये," काका म्हणाले.

जन्मात एकदा स्वतःहून बोलायला गेले तर हे असं!

काकांनी त्या नंबरवर फोन लावला. माझा फोन ओढणीखाली मुकाट्याने उजळत राहिला. मी आधीच आवाज बंद केला होता याचा मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! काकांनी पुन्हा लावला. मी पुन्हा उजळले.

"माझा नंबर पाहून उचलत नसंल," काका म्हणाले. "तू लाव तुझ्या फोनवरून. मी सांगतो नंबर. नीट बोलजो, साहेब म्हणजो."

बाबांनी घसा साफ केला, फोन पुढ्यात धरला. काका एकेक आकडा ओरडून सांगू लागले आणि बाबा तो दाबू लागले. मला आशा होती. आजकाल स्वतःच्या मुलीचा नंबर कोणाला पाठ असतो? बाबांना तर नाहीच.

पण फोनला असतो हो! एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नाही.

शेवटचा आकडा दाबला आणि बाबांच्या फोनवर नाव उमटलं. काका वाकून बघतच होते. आणि जे दिसेल ते मोठ्याने वाचायची त्यांना सवयच.

"बोलकी मैना!" काका वाचते झाले. "ही बोलकी मैना कोण बे?"

बाबांनी माझं नाव फोनमध्ये असं ठेवलं आहे, हे मलाही तेव्हाच कळलं.

बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. माझ्या ओढणीखाली उजेड पडला होता आणि त्या उजेडात, मला वाटतं, मी पुरती जांभळी दिसत असेन.

"साहेब," बाबा अतिशय अदबीने मला म्हणाले, "फोन उचलता का?"

आई हसून हसून खुर्चीवरून घसरायची बाकी होती. काका मात्र आळीपाळीने मला, फोनला आणि घुबडाला बघत राहिले. मग त्यांनी छातीवर हात ठेवून एवढा मोठा सुस्कारा सोडला की काउंटरवरच्या पावत्या उडाल्या.

"अवं पोरी! समोर बसून पोहे खाऊन राहिली अन् मले साहेब म्हणायले लावलं! तोंडानं विचारलं असतं तर मी काय खाल्लं असतं तुले?"

आता काहीतरी बोलायलाच हवं होतं. तिघं माझ्याकडे बघत होते. मी खूप प्रयत्न केला. मग खाली मान घातली आणि फोनवर लिहिलं.

टिंग.

काकांनी वाचलं, "क्षमस्व काका."

यानंतर मात्र रसवंतीवाला रस्ता ओलांडून बघायला आला, की इतकं काय झालं हसायला.

काकांनी जांभळी पेटी बाबांच्या हातून काढून घेतली आणि कंपनीच्या पानावर बघून बघून दुसरा टॅबलेट काढला. त्याला अपडेट माझी बारावी होऊन कॉलेज निम्मं होईपर्यंत येणार आहेत. तसं त्यांनी मला खुर्चीत बसवून, पान दाखवून, 'खुलासा झाला का साहेब?' असं विचारून सांगितलं. कव्हर आणि काच फुकट दिली. बाबा नको नको म्हणत होते, तर म्हणाले, "तुले नाही देत बे. साहेबांले शब्द दिला हाये."

तर असा तो टॅबलेट आला. फार छान आहे. ही गोष्टसुद्धा मी त्याच्यावरच लिहिते आहे.

महिना झाला असेल आणि एक दिवस वरच्या कोपऱ्यात पट्टी आली : 'नवीन अपडेट उपलब्ध आहे. आता घ्यायचे की नंतर?' माझं काळीज आनंदाने उडालं. आलं! ज्याच्यासाठी एवढी शोभा झाली ते आलं! मी 'आता' दाबणार, एवढ्यात मनात आलं, हे घेतलं तर माझी चित्रं पुसली तर नाही ना जाणार?

मी 'नंतर' दाबलं.

दुसऱ्या दिवशी पट्टी पुन्हा आली. मी पुन्हा 'नंतर' दाबलं. आता आमचं दोघांचं तसं ठरूनच गेलं आहे. रोज ती विचारते, रोज मी 'नंतर' म्हणते.

मधेमधे प्रमोदकाकांची व्हॉइस नोट येते, 'साहेब, अपडेट आलं का?' मी लगेच लिहिते, 'होय, आले. धन्यवाद.' हे खोटं नाही हं. आलंच आहे ते. घेतलेलं नाही, एवढंच.

खरं तर चित्रांचं काय होतं, हे काकांना विचारलं की काम झालं. एका ओळीचा प्रश्न आहे.

तुमच्यापैकी कोणी सक्करदऱ्याकडे जाणार असाल तर तेवढं विचाराल का त्यांना? फक्त माझं नाव सांगू नका.